दोन सत्तेचाळीस ते तीन एकोणतीस

रविवार, २४ डिसेंबर २०१७

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात नॅशव्हिल हे शहर आहे. तिथल्या व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटी मेडिकल सेंटरमध्ये नाताळच्या आदल्या दिवशी ७५ वर्षांची एक बाई दाखल झाली. डोकं दुखत होतं, नजरेची एक बाजू दिसेनाशी झाली होती. मेंदूत रक्तस्राव झाल्याचं निघालं आणि तिला न्यूरो आयसीयूत ठेवलं. रक्तदाबाचा त्रास होता, हृदयाचे ठोके अनियमित होते. आपल्याकडच्या कुठल्याही मेडिसिन वॉर्डात अशा चार आज्या असतात.

मी नर्सिंगच्या मुलींना मेडिकल-सर्जिकल हा विषय शिकवते. औषधांचा धडा आला की दरवर्षी पुस्तक मिटते आणि फळ्यावर दोन वेळा लिहिते: २.४७ आणि ३.२९. मधल्या बेचाळीस मिनिटांत काय झालं ते सांगायला मला पूर्ण दोन तास लागतात. मुलींना रुग्णाचं नाव सांगत नाही. ती तुमच्या वॉर्डातली खिडकीजवळच्या कॉटवरची आजी आहे असं समजा, एवढंच सांगते.

मंगळवार, २६ डिसेंबर, दुपार

दोन दिवसांत बाईची तब्येत सुधारली. ती जागी होती, बोलत होती, आयसीयूतून कमी देखरेखीच्या वॉर्डात हलवायची तयारी चालू होती. त्याआधी एक तपासणी उरली होती, पूर्ण शरीराचा पेट स्कॅन. तिला रेडिओलॉजी विभागात नेलं.

पेट स्कॅनची रीत समजून घ्यायला हवी, पुढचं सगळं तिच्याशी बांधलेलं आहे. रुग्णाला शिरेतून किरणोत्सारी ट्रेसर देतात आणि तो शरीरात पसरेपर्यंत तासभर एका खोलीत शांत पडून राहायला सांगतात. बोलायचं नाही, हातपाय हलवायचे नाहीत, कारण हललेला स्नायू ट्रेसर ओढून घेतो आणि चित्र बिघडतं. त्या खोलीत निपचित पडलेला रुग्ण म्हणजे नीट सहकार्य करणारा रुग्ण. मग त्याला यंत्राच्या बोगद्यात सरकवतात.

बाईला बंद जागेची भीती वाटत होती. मला काहीतरी द्या, असं तिने सांगितलं. ही मागणी अगदी रास्त होती. आपल्याकडे एमआरआयच्या दारातून परत फिरलेले रुग्ण काय कमी आहेत?

दुपारी २.४७

डॉक्टरांनी संगणकावर ऑर्डर टाकली: व्हर्सेड, शिरेतून, २ मिलिग्रॅम. आधी १ द्यायचं, गरज पडली तर आणखी १. व्हर्सेड हे कंपनीने दिलेलं नाव. औषधाचं मूळ नाव मिडाझोलाम. आपल्या वॉर्डात मिडाझोलामच म्हणतात, त्यामुळे मुलींना हा फरक आधी किरकोळ वाटतो.

दुपारी २.४९

फार्मासिस्टने ऑर्डर तपासली आणि मंजूर केली. दोन मिनिटांत! म्हणजे इथपर्यंत सगळं जसं व्हायला हवं तसंच झालं होतं.

२.४९ नंतर

आता प्रश्न असा, की औषध द्यायला जाणार कोण?

बाईची आयसीयूतली नर्स जेवायला गेलेल्या सहकारी नर्सचे रुग्णही सांभाळत होती. तिला वॉर्ड सोडता येईना. रेडिओलॉजीतल्या नर्सेसना विचारलं, तर त्यांनी नकार दिला. हे औषध दिल्यावर रुग्णाजवळ थांबून लक्ष ठेवावं लागतं, असं त्यांचं म्हणणं होतं. हा नकार मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यांना मिडाझोलामचा धोका ठाऊक होता. म्हातारपणी तर साध्या डोसानेही श्वास मंदावतो, ऑक्सिजन उतरतो. म्हणून बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावायचा, श्वास मोजायचा आणि जवळ थांबायचं. त्यांच्या नकारातली ही माहिती पुढच्या माणसापर्यंत पोहोचायला हवी होती. आपल्याकडेही हे रोज घडतं. 'त्या नाही म्हणाल्या' एवढा निरोप येतो आणि का नाही म्हणाल्या ते वाटेत गळून पडतं.

त्या दिवशी वॉर्डात एक नर्स 'हेल्प-ऑल' या कामावर होती, म्हणजे जिथे हात कमी पडेल तिथे मदतीला जायचं. तिचं नाव रॅडोंडा वॉट. या रुग्णालयात तिला दोनेक वर्षं झाली होती. तिच्याबरोबर एक नवी नर्स होती, काम शिकायला आलेली. दोघी आपत्कालीन विभागाकडे निघाल्या होत्या. तिथे एका रुग्णाला नीट गिळता येतं का ते तपासायचं होतं. वाटेत हे काम हातात पडलं: जाता जाता रेडिओलॉजीत एवढं व्हर्सेड देऊन या.

त्या नव्या नर्सवर जरा नजर ठेवा. मला तिच्याबद्दल पुढे बोलायचं आहे.

दुपारी २.५९

तिथे औषधं संगणकाच्या कपाटात असतात. पडद्यावर रुग्णाचं नाव निवडायचं, त्याच्यासाठी मंजूर झालेली औषधं दिसतात, हवं त्यावर बोट ठेवलं की तेवढाच कप्पा उघडतो. आपला ट्रे किंवा ट्रॉलीचा ड्रॉवर डोळ्यांपुढे आणला तरी चालेल.

वॉटने कपाटात 'व्हीई' अशी इंग्रजी दोन अक्षरं टाइप केली. व्हर्सेड दिसलं नाही. दिसणार कसं? कपाट मूळ नावानं शोधत होतं, आणि औषध होतं 'मिडाझोलाम' या नावाखाली. दहा मिनिटांपूर्वीच मंजूर झालेलं.

तिला वाटलं, फार्मसीकडून अजून आलं नसावं. तिने ओव्हरराइडचं बटण दाबलं. म्हणजे मंजुरीची वाट न बघता कपाटातल्या सगळ्या साठ्यातून औषध काढायची मुभा घेतली. ही सोय जीव वाचवण्यासाठी असते. रुग्ण बंद पडला असताना ॲड्रेनॅलिनसाठी कोण फार्मासिस्टची वाट बघेल? त्या काळात मात्र रुग्णालयाची संगणक यंत्रणा नुकतीच बदलली होती, कपाटं आणि फार्मसी यांचा ताळमेळ बसत नव्हता. सलाइनची पिशवी काढायलाही ओव्हरराइड करावं लागे, असं वॉटने नंतर नर्सिंग बोर्डापुढे सांगितलं. अडचणीच्या वेळचं दार सगळ्यांच्या रोजच्या वापराचं झालं होतं.

तिने पुन्हा 'व्हीई' टाइप केलं. या वेळी यादी आली. पहिलंच नाव निवडलं. कप्पा उघडला. आत होतं व्हेक्युरोनियम.

ऑपरेशन थिएटरमध्ये याला नुसतं 'व्हेक' म्हणतात. हे झोपेचं किंवा भीती घालवायचं औषध नव्हे. हे स्नायू लुळे पाडतं. भूल देताना रुग्ण आधी झोपी गेल्यावर, श्वासाची नळी घालायची सगळी तयारी झाल्यावर, भूलतज्ज्ञ ते देतात, कारण त्यानंतर रुग्णासाठी श्वास यंत्राने किंवा हाताने पिशवी दाबून घ्यावा लागतो.

इथे मी वर्गात थांबते आणि टेबलावर दोन व्हायल ठेवते. एकीत मिडाझोलाम: स्वच्छ पाण्यासारखं, सुई घालून थेट ओढता येईल असं. दुसरीत १० मिलिग्रॅम व्हेक्युरोनियम: तळाशी पांढऱ्या पावडरची वडी, ती पाणी घालून विरघळवल्याशिवाय सिरिंजमध्ये येतच नाही. मुली हातात घेऊन बघतात. कुणीतरी म्हणतेच, "पण मॅडम, हे तर दिसायलाच वेगळं आहे."

हो, दिसायलाच वेगळं आहे. वॉटलाही ते खटकलं, व्हर्सेड विरघळवावं लागत नाही हे तिला माहीत होतं. मनात शंका आली, आणि त्या शंकेने तिला व्हायल फिरवायला लावली. पण मागच्या बाजूला. किती पाणी घालायचं ते तिथे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. ते तिने वाचलं, आणि पुढच्या बाजूचं नाव वाचायचं राहिलं. त्या व्हायलच्या लाल झाकणावर छापलेलं होतं: सावधान, स्नायू लुळे पाडणारे औषध. झाकण काढताना, बुचात सुई घालताना ती अक्षरं नजरेसमोर होती. सगळा वेळ ती शेजारच्या नव्या नर्सशी त्या गिळण्याच्या तपासणीबद्दल बोलत होती. शिकवत होती.

पहिल्या वर्षाला आपण तीन वेळा वाचायला शिकवतो. औषध जागेवरून उचलताना, सिरिंजमध्ये भरताना, रुग्णाला देण्याआधी. परीक्षेत मुली हे धडाधड लिहितात, पाचही 'राइट' लिहितात: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. नॅशव्हिलच्या त्या नर्सनेही कधीतरी ते लिहिलं असणारच. माणूस जे शोधत असतो तेच त्याला दिसतं, ही डोळ्यांची नव्हे, मेंदूची सवय आहे. तिच्या मनात 'व्हर्सेड' हे नाव आधीच होतं, व्हायल हातात यायच्या आधीपासून. म्हणून मी मुलींना मोठ्याने वाचायला लावते. मनात वाचलेलं मन दुरुस्त करून टाकतं. तोंडाने उच्चारलेला शब्द शेजारचाही ऐकतो. त्या दिवशी शेजारी ती नवी नर्स होती.

शेजारच्याबद्दल हे इतकं ठामपणे सांगते, त्याला कारण आहे. नोकरी लागून तीन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. नाइट ड्यूटी, अडतीस रुग्ण, आम्ही दोघी. पहाटेची अँटिबायोटिक्स द्यायची होती. सेफ्ट्रियाक्सोनची पावडर विरघळवायला मी ट्रेमधून डिस्टिल्ड वॉटरचं दहा मिलीचं ॲम्प्यूल उचललं, निदान मला तसं वाटलं. मान मोडणार, तेवढ्यात बरोबरची दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी हळूच म्हणाली, "सिस्टर, याच्यावरची अक्षरं वेगळी आहेत का?" मी ॲम्प्यूल दिव्याखाली धरलं. पोटॅशियम क्लोराइड. कुणीतरी उरलेलं ॲम्प्यूल पाण्याच्या खणात ठेवून दिलं होतं. सलाइनमध्ये न मिसळता ते शिरेत ढकललं असतं तर त्या रुग्णाचं हृदय माझ्या हातांखाली थांबलं असतं. माझे हात इतके कापले की ॲम्प्यूल खाली पडून फुटलं. ती मुलगी घाबरून मलाच सॉरी म्हणाली. तेव्हापासून वॉर्डात जाणाऱ्या प्रत्येक बॅचला मी तिच्याबद्दल सांगते. विचारायला तिला किती धीर गोळा करावा लागला असेल!

वॉटने रुग्णाचं स्टिकर, सलाइनच्या सिरिंज, स्पिरिटचे स्वॉब, सुई असं सामान एका छोट्या पिशवीत गोळा केलं. पिशवीवर लिहिलं: पेट स्कॅन, व्हर्सेड १-२ मिलिग्रॅम. आत व्हेक्युरोनियम होतं. आता चुकीला लेबलही लागलं होतं.

तीन वाजल्यानंतर

रेडिओलॉजी विभागात औषधाचा बारकोड तपासायचं यंत्र नव्हतं. वॉर्डात असतं तर तिथे व्हायल धरल्यावर ऑर्डर आणि औषध जुळत नाही हे कळलं असतं. आमच्या बहुतेक वॉर्डांत ते यंत्र मुळातच नाही, त्यामुळे मुलींना मी सांगते, तुमचा बारकोड म्हणजे फाइल आणि हातातली व्हायल शेजारी शेजारी धरून वाचणं.

तिने पावडर विरघळवली, शिरेतून औषध दिलं आणि ती निघाली. पुढचं काम वाट बघत होतं. नवी नर्सही तिच्याबरोबर निघाली.

या घटनेविषयी वाचणारे बहुतेक लोक कपाटापाशी थांबतात, ओव्हरराइडपाशी, लाल झाकणापाशी. मला सगळ्यात जास्त या निघून जाण्याचं वाईट वाटतं. समजा तिने योग्य औषध घेतलं असतं, अगदी मिडाझोलाम, अगदी १ मिलिग्रॅम. तरी थांबावं लागलंच असतं. ७५ वर्षांच्या, मेंदूत रक्तस्राव झालेल्या बाईला शिरेतून ते दिल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं जवळ कुणीतरी हवंच. आणि चुकीचं औषध दिल्यावरही, शेजारी एक माणूस असता, तर बाईचा श्वास उथळ होताना, छाती हलायची थांबताना त्याला दिसली असती. तोंडावर मास्क धरून पिशवी दाबायला सुरुवात झाली असती. व्हेक्युरोनियमचा असर उतरेपर्यंत कुणीतरी तिच्यासाठी श्वास घेत राहिलं असतं, आणि ती बाई वाचली असती अशी दाट शक्यता होती. पहिली चूक पकडायची एक शेवटची जागा असते, रुग्णाची कॉट. तिथेच माणूस नव्हता.

त्यानंतरची मिनिटं

हा भाग मुलींना सांगताना माझा आवाज दरवर्षी बसतो, पण तो गाळत नाही.

मेंदूकडून आलेला निरोप मज्जातंतूच्या टोकाला ॲसिटिलकोलिन या रसायनाच्या रूपाने सुटतो आणि स्नायूवरच्या जागेवर जाऊन बसतो, तेव्हा स्नायू आवळतो. व्हेक्युरोनियम त्या जागा आधीच अडवून बसतं. दोन-तीन मिनिटांत असर सुरू होतो. आधी डोळ्यांचे, बोटांचे छोटे स्नायू, मग हातपाय, मान, बरगड्यांमधले स्नायू, आणि शेवटी श्वासपटल. ते मेंदूपर्यंत पोहोचत नाही. रुग्ण जागाच असतो. त्याला ऐकू येतं, कळतं, गुदमरल्याची जाणीव होते. ओरडायला लागणारे स्नायू मात्र थांबलेले असतात. आठवतंय ना, ही खोली निपचित पडून राहायची होती. तंत्रज्ञांची नजर कॅमेऱ्यावर होती. पडद्यावर त्यांना एक शांत, डोळे मिटलेली रुग्ण दिसत होती, जशी असायला हवी अगदी तशी. श्वास कॅमेऱ्यात दिसत नव्हता.

साध्या हवेत श्वास घेणाऱ्या माणसाच्या फुप्फुसात ऑक्सिजनचा साठा फार तर काही मिनिटांचा असतो. मेंदूला चार-पाच मिनिटं ऑक्सिजन मिळाला नाही की पेशी मरायला लागतात. इथे जवळपास अर्धा तास गेला.

दुपारी ३.२९

रुग्णांना ने-आण करणाऱ्या एका कर्मचाऱ्याच्या लक्षात आलं की बाई ठीक दिसत नाही. आपल्याकडे जसे वॉर्डबॉय, मावशी, तसा तो. अनेकदा पहिल्यांदा त्यांच्याच लक्षात येतं, आणि आपण त्यांचं ऐकतो का, हा प्रश्न मी वर्गात विचारते. बाई श्वास घेत नव्हती, नाडी लागत नव्हती. कोड, म्हणजे जीव वाचवण्यासाठी धावून येण्याची हाक, घोषित झाला. छातीवर दाब देणं, नळी, औषधं. दोन-तीन फेऱ्यांनंतर ठोके परत आले. तिला व्हेंटिलेटरवर न्यूरो आयसीयूत परत नेलं.

पावणेचारच्या सुमारास

आयसीयूत सगळ्यांना वाटत होतं, मेंदूतला रक्तस्राव वाढला. डॉक्टर त्याच दिशेने विचार करत होते, आणि करणारच होते. वॉटने औषधाची ती पिशवी बाईच्या नर्सच्या हाती दिली होती, उरलेलं औषध त्यातच होतं. थोड्या वेळाने त्या नर्सने व्हायल बाहेर काढली, नाव वाचलं आणि तिने वॉटला विचारलं, तू हेच दिलंस का? हे व्हर्सेड नाही.

त्या दोन नर्स त्या क्षणी एकमेकींकडे बघत उभ्या असतील, त्यांच्या आजूबाजूला मॉनिटरचे आवाज, तीन-चार डॉक्टर, नातेवाइकांना काय सांगायचं याची चर्चा. व्हायल खिशात टाकता आली असती. रक्तस्रावाचं कारण सगळ्यांच्या तोंडी होतंच, कुणी काही विचारत नव्हतं. वॉट सरळ डॉक्टरांकडे गेली आणि म्हणाली की मी चुकीचं औषध दिलं आहे, व्हेक्युरोनियम दिलं आहे. नंतरही तिने ते कधी नाकारलं नाही.

आणि मी मुलींना इथे स्पष्ट सांगते, त्या दुपारी कपाटापाशी तिचं जे चुकलं ते चुकलंच, आणि या क्षणी ती जे वागली तसं वागायला फार मोठं काळीज लागतं. दोन्ही खरं आहे. नोकरी जाईल, लायसन्स जाईल, लोक थुंकतील, तरी लगेच सांगायचं, कारण डॉक्टरांना खरं कारण कळल्याशिवाय खरा उपचार होत नाही. माझ्या ओळखीच्या किती जणींनी अशी वेळ आल्यावर खरं सांगितलं आणि किती जणी गप्प राहिल्या, याचा विचार मी रात्री-अपरात्री करते.

बुधवार, २७ डिसेंबर, रात्री एकच्या सुमारास

मेंदू सावरणार नाही हे स्पष्ट झाल्यावर कुटुंबाने व्हेंटिलेटर काढायला संमती दिली. बाई गेली.

पुढचे दिवस

व्हेक्युरोनियम दिल्याची नोंद रुग्णाच्या कागदपत्रांत झालीच नाही. संशयास्पद मृत्यूंची तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याला, म्हणजे मेडिकल एक्झामिनरला, या औषधाबद्दल सांगितलं गेलं नाही. मृत्यूचं कारण लिहिलं गेलं मेंदूतला रक्तस्राव, नैसर्गिक. राज्याच्या आरोग्य खात्याला कळवणं बंधनकारक होतं, तेही झालं नाही. ३ जानेवारी २०१८ ला वॉटला कामावरून काढलं. कुटुंबाशी तडजोड झाली.

ऑक्टोबर २०१८ मध्ये कुणीतरी नाव न सांगता सरकारला कळवलं. मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याचा कारभार बघणाऱ्या केंद्रीय संस्थेने अचानक तपासणी केली. नोव्हेंबरमध्ये तिचा अहवाल बाहेर आला आणि तेव्हा कुठे जगाला ही गोष्ट कळली. मिनिटांचा हिशोब आपल्याला मिळाला तो मुख्यतः त्या अहवालामुळे. बाईचा मृत्यू अपघाती होता आणि कारण व्हेक्युरोनियम होतं, असं कागदावर यायला २०१९ उजाडलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये वॉटवर फौजदारी गुन्हा दाखल झाला. जुलै २०२१ मध्ये तिचं नर्सिंगचं लायसन्स रद्द झालं. २५ मार्च २०२२ ला नॅशव्हिलच्या ज्युरीने तिला निष्काळजीपणाने मृत्यूला कारण झाल्याबद्दल आणि असहाय प्रौढ व्यक्तीची गंभीर हेळसांड केल्याबद्दल दोषी ठरवलं. बेदरकार हत्येच्या मुख्य आरोपातून मात्र सोडलं. १३ मे २०२२ ला शिक्षा सुनावली: तीन वर्षांचं प्रोबेशन, तुरुंग नाही. त्या दिवशी न्यायालयाबाहेर शेकडो नर्सेस उभ्या होत्या, देशाच्या कुठल्या कुठल्या टोकांवरून आलेल्या. २०२४ मध्ये केंटकी राज्याने कायदा केला, की रुग्णसेवेत हातून झालेल्या चुकीबद्दल आरोग्य कर्मचाऱ्यावर फौजदारी कारवाई करायची नाही, घोर निष्काळजीपणा किंवा जाणूनबुजून केलेलं कृत्य असेल तर गोष्ट वेगळी.

माझं मत सांगते. बाईच्या कुटुंबाचं दुःख मला कळतं, त्यांना न्याय मागायचा पूर्ण हक्क होता. पण जिने पंधरा-वीस मिनिटांत खरं सांगितलं ती आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली, आणि ज्यांनी कागदावर औषधाचं नाव येऊ दिलं नाही त्यांच्यापैकी कुणीच तिथे उभं राहिलं नाही. हा खटला बघून जगातल्या नर्सेस काय शिकल्या असतील या विचाराने मला धास्ती वाटते. पुढच्या वेळी व्हायल खिशात गेली तर कुणाला कळणार?

औषधांच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या आयएसएमपी या संस्थेने कपाटांसाठी सांगितलं आहे की औषध शोधताना निदान पाच अक्षरं टाइप करावी लागतील अशी सोय हवी, आणि स्नायू लुळे पाडणारी औषधं बाकीच्या औषधांत मिसळून ठेवू नयेत. पाच अक्षरं आणि वेगळा कप्पा. आपल्याकडे कपाट नसलं तरी वेगळा खण आहे, लाल चिकटपट्टी आहे, कुलूप आहे. अतिदक्षता विभाग आणि थिएटर यांच्या बाहेर व्हेक सापडलंच नाही पाहिजे. पोटॅशियम क्लोराइडचं ॲम्प्यूल डिस्टिल्ड वॉटरच्या शेजारी नको. याला इन्चार्ज सिस्टरची अर्धी सकाळ लागते आणि पैसे जवळजवळ लागत नाहीत.

सोमवार, सकाळी साडेसात

दर सोमवारी नवी बॅच वॉर्डात जाते. परवा ओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून कामाचा ताबा, घेऊन झाल्यावर मी ट्रॉलीशी उभी होते. माझ्या सांगण्यावरून इन्चार्ज सिस्टरने सरावासाठी रिकाम्या व्हायल आणून ठेवल्या होत्या. एकेकीने एकेक उचलून नाव वाचायचं होतं, आणि शेजारणीने ते ऐकायचं.

एका मुलीचं नाव मी पुकारलं. ती नंदुरबारकडची, अजून इंग्रजी वाचताना अडखळते आणि त्यामुळे थोडी संकोचते. तिने व्हायल घेतली, आधी तळाशी बघितलं, मग नाव समोर येईपर्यंत फिरवली आणि बोट अक्षरांखाली ठेवून वाचलं: "व्हे-क्यु-रो-नि-यम." शेजारची म्हणाली, "परत." तिने परत वाचलं. मग दुसरी व्हायल उचलली, तीही नाव समोर येईपर्यंत फिरवली, वाचली: "मिडा-झो-लाम." आणि दोन्ही हातांत धरून मला विचारलं, "मॅडम, हे दिल्यावर रुग्णाजवळ किती वेळ उभं राहायचं?"